विश्वस्ताची खुर्ची

१९१९ सालच्या विजयादशमीला, म्हणजे ४ ऑक्टोबरला, कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. भाऊराव पाटील तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. किर्लोस्करांचे नांगर विकत त्यांनी गावेच्या गावे पालथी घातली होती आणि शेतकऱ्याच्या घरातला मुलगा शाळेच्या पायरीपाशी का अडतो, हे त्यांनी पाहिले होते. मात्र कालेमध्ये ते एकटे नव्हते. तिथे सत्यशोधक समाजाची परिषद भरली होती, चर्चा झाली होती आणि बहुजनांच्या मुलांसाठी संस्था काढायचा विचार चारचौघांत पक्का झाला होता. संस्थेचा जन्म माणसांच्या बैठकीतून झाला.

हे मुद्दाम सांगायचे कारण असे की, आपल्याकडे शिक्षणसंस्थेचा इतिहास म्हणजे संस्थापकाचे चरित्र, असाच रिवाज पडला आहे. आवारात त्यांचा पुतळा असतो, जयंतीला प्रभातफेरी निघते, निबंधस्पर्धा होतात आणि ते सगळे रास्तच आहे. पण भाऊराव, म्हणजेच कर्मवीर अण्णा, ९ मे १९५९ ला गेले. त्यानंतरची सहा दशकांहून अधिक वर्षे रयतच्या शाळा कुणी चालवल्या? कुठल्या डोंगरी गावात शाखा काढायची, कुठली तोट्यातली शाखा बंद होऊ द्यायची नाही, वसतिगृहाच्या भटारखान्याला पैसे कुठून आणायचे, हे कुणी ठरवले? ही माणसे पुतळ्यांत दिसत नाहीत. ती इतिवृत्तांच्या वह्यांत आहेत. महाराष्ट्रातल्या खेड्यांत शिक्षण पोहोचले त्यात या वह्यांचा वाटा फार मोठा आहे आणि त्या कोण लिहितो, यावरच पुढचे पोहोचणे अवलंबून आहे. हा लेख त्या माणसांविषयी आहे.

मूठभर धान्याचे भागीदार

१९२४ मध्ये रयतचे कार्यालय साताऱ्याला आले आणि तिथे बोर्डिंग सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतल्या या बोर्डिंगात सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. त्या काळात ही एक गोष्टच गाव उठवायला पुरेशी होती.

या पंगतीचा खर्च कसा चालायचा? वसतिगृहांसाठी अण्णांनी ‘मुष्टिफंड’ काढला. घरातल्या बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि साठलेले धान्य बोर्डिंगकडे जायचे. ज्या घरात रोख रुपया महिनोन्महिने दिसत नव्हता, त्या घरालाही देणगीदार होण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. धान्य अपुरे पडले तेव्हा अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या कुठल्याही कागदावर पदाधिकारी म्हणून त्यांचे नाव शोधायची गरज नाही. विश्वस्त या शब्दात जे काही अभिप्रेत असते, ते त्या घरात त्यांनी करून दाखवले होते.

मुष्टिफंडाचे मोल धान्याच्या पोत्यांत मोजून संपत नाही. ज्याने मूठ दिली त्याला विचारायचा हक्क मिळाला. आमच्या धान्याचे काय झाले, आमच्या गावचा पोरगा पास झाला का, हे प्रश्न बाजाराच्या दिवशी अण्णांना कुणीही विचारू शकत होता. पुढे अनुदान आले, पगार सरकारी तिजोरीतून होऊ लागले, तेव्हा हा प्रश्न विचारणारा माणूस हळूहळू मागे सरकला. त्याच्या वतीने विचारायचे काम कार्यकारिणीवर आले. विश्वस्त मुळात कशासाठी असतो, तर मूठ देणाऱ्याच्या वतीने हिशेब विचारण्यासाठी आणि त्या मुठीवर वाढणाऱ्या मुलाच्या वतीने हट्ट धरण्यासाठी.

१९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. उद्दिष्टे कागदावर आली. बहुजन समाजात शिक्षणाची गोडी निर्माण करणे, त्यातल्या गरीब मुलांना शक्यतो मोफत शिकवणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांमध्ये प्रेमभाव वाढवणे, अयोग्य रूढी सोडायला लावणे, काटकसर, स्वावलंबन आणि शील अंगी बाणवणे असा त्यांचा आशय आहे. आज ती वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. निकालाची टक्केवारी, गुणवत्ता यादी, इमारती यांतले तिथे काहीच नाही. मूल कसे घडावे एवढेच आहे. कुठल्याही विश्वस्ताने आपल्या संस्थेच्या घटनेचे पहिले पान वर्षातून एकदा तरी वाचावे. आपण कशासाठी बसलो आहोत, ते तिथे लिहिलेले असते.

शब्द मोडायचा की अनुदान सोडायचे

संस्थेच्या चालकांची खरी कसोटी पैशाच्या प्रश्नावर लागते. रयतच्या वाट्याला अशी वेळ १९४८ मध्ये आली. अण्णांच्या एका भाषणावरून मुंबई सरकार नाराज झाले आणि रयतचे अनुदान बंद झाले. तोवर शाळांचा पसारा खूप वाढला होता. १९४० मध्ये साताऱ्यात ‘कमवा व शिका’ तत्त्वावरचे महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले होते, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले होते. गांधीजींच्या स्मृतीसाठी १०१ हायस्कुले काढायचा संकल्प अण्णांनी सोडला होता. अशा वेळी शिक्षकांचे पगार थांबले.

अण्णांनी माघार घेतली नाही आणि शाळाही बंद पडू दिल्या नाहीत. शिक्षकांनी कळ सोसली, गावांनी हात दिला, गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला रयतचे कॉलेज निघाले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले गेले.

शिवाजी कॉलेजची एक गोष्ट रयतच्या माणसांच्या तोंडी आजही असते. मोठी देणगी द्यायला एक गृहस्थ तयार झाले, अट एवढीच की कॉलेजला त्यांनी सांगितलेले नाव द्यायचे. अण्णांनी देणगीवर पाणी सोडले. ही गोष्ट स्वाभिमानाची म्हणून सांगितली जाते, पण कारभाराच्या दृष्टीनेही ती मोलाची आहे. देणगी स्वीकारताना संस्था काय विकते आहे, याचा विचार सभेत पहिल्यांदा कुणाला तरी बोलून दाखवावा लागतो. देणगीदार समोर बसलेला असताना तो बोलायला धैर्य लागते. सगळ्या सभासदांनी माना डोलावल्या की ठराव एकमताने मंजूर होतो आणि वीस वर्षांनी संस्थेला कळते की आपण काय गमावले.

आजीव सदस्य आणि मोठी माणसे

अण्णांना एक काळजी होती: माझ्यामागे हे कोण सांभाळणार? तिचे उत्तर त्यांनी आजीव सदस्यांच्या प्रथेत शोधले. रयतमध्ये त्यांना ‘लाइफ मेंबर’ म्हणतात. संस्थेतच शिकलेली, संस्थेतच शिकवू लागलेली आणि पुढे आपले आयुष्य संस्थेला बांधून घेणारी ही माणसे.

ही कल्पना महाराष्ट्रात आधीपासून होती. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य तुटपुंज्या पगारावर काम करायला बांधलेले होते. आजीव सदस्याने बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही, बाहेरच्या कामात किती गुंतावे, यावरून तिथे तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. त्या वादाची आठवण आजच्या संस्थाचालकांनी ठेवावी अशी आहे. संस्थेत बसलेल्या माणसाचे लाभ कुठे सुरू होतात आणि सेवा कुठे संपते, हा प्रश्न तेव्हाच्या मंडळींना राजीनाम्याइतका गंभीर वाटला होता.

रयतमध्ये हे रोप साताऱ्याच्या मातीत वाढले. बॅरिस्टर पी. जी. पाटील शाहू बोर्डिंगात वाढले, इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले, रयतचे सचिव झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. वकील इस्माईलसाहेब मुल्ला अण्णांच्या निकटच्या सहकाऱ्यांपैकी एक, साताऱ्यातल्या रयतच्या लॉ कॉलेजला त्यांचे नाव आहे. ज्या पंगतीत आपण जेवलो तिचा खर्च किती येतो, हे अशा माणसांना सांगावे लागत नव्हते. बोर्डिंगचा मुलगा सभागृहात पोहोचला की बोर्डिंगचा विषय टळत नाही.

दुसऱ्या बाजूला, संस्थेच्या अध्यक्षपदी राज्यातली मोठी माणसे आली: यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि १९८९ पासून शरद पवार. मोठ्या नेत्याच्या अध्यक्षपदाचा लाभ उघड आहे. मंत्रालयातली फाइल हलते, जमिनीचा प्रश्न सुटतो, देणगीदार येतात. धोकाही तितकाच उघड आहे. संस्था एका पक्षाची होऊन बसते आणि सभेत कुणी विरोधात बोलत नाही. रयतने यातून कसा मार्ग काढला, हे पाहायचे तर १९९० ते २००८ ही अठरा वर्षे पाहावीत. या काळात संस्थेचे अध्यक्ष शरद पवार होते आणि मॅनेजिंग कौन्सिलचे चेअरमन होते प्रा. एन. डी. पाटील.

एन. डी. शेतकरी कामगार पक्षाचे. ढवळीच्या शेतकऱ्याच्या घरातून आलेले, रयतच्या तालमीत वाढलेले, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात शिकवलेले आणि बोर्डिंगचे रेक्टर राहिलेले. पवारांच्या भगिनी सरोजताई त्यांच्या पत्नी. हे नाते असले तरी राजकारणात दोघांचे रस्ते वेगळे होते. १९९३ मध्ये दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वीजखरेदी करार झाला तेव्हा मुख्यमंत्री पवार होते, आणि त्या प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यात एन. डी. आघाडीवर होते. रस्त्यावर एकमेकांच्या धोरणांविरुद्ध उभी राहिलेली दोन माणसे एका शिक्षणसंस्थेच्या टेबलापाशी अठरा वर्षे एकत्र बसली. संस्था मोठी होती आणि दोघांनाही ते मान्य होते. आज गावोगावी पतसंस्थेच्या निवडणुकीवरून शाळेच्या कार्यकारिणीत फाटाफूट होते, तिथे हे उदाहरण पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे.

एन. डीं.च्या कारकिर्दीत ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा, नापास झालेल्या मुलांसाठी शाळा, सावित्रीबाई फुले दत्तक-पालक योजना, दुर्बल शाखा विकास निधी अशी कामे उभी राहिली. त्यातल्या शेवटच्या निधीकडे विशेष लक्ष द्यावे. मोठ्या संस्थेत बाजारपेठेच्या गावातली शाखा भरभराटीला येते आणि डोंगरावरची शाखा खुरटते. पटसंख्या कमी, देणगीदार नाहीत, छप्पर गळते. हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले तर ती शाखा ओझे असते. एकाच घरातल्या अशक्त मुलाला बाकीच्यांनी सांभाळावे तसा हा निधी आहे. अशा गोष्टी मुख्याध्यापक करू शकत नाही, सरकारी अधिकारी करू शकत नाही. त्या फक्त वरचे मंडळ करू शकते, कारण सगळ्या शाखा एकाच वेळी फक्त त्यालाच दिसतात. आज रयतच्या शाखा सातशेहून अधिक आहेत आणि विद्यार्थी चार लाखांहून अधिक. एवढ्या मोठ्या संस्थेत शेवटच्या शाखेची आठवण ठेवायला नियमच लागतो, सदिच्छा पुरत नाही.

दहा हजार मतदारांची संस्था

नाशिकला दुसरी तऱ्हा पाहायला मिळते. १९१४ मध्ये सुरू झालेली मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था कर्मवीर रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ, भाऊसाहेब हिरे अशा मंडळींनी उभी केली. तिचे सभासद सुमारे दहा हजार आहेत आणि दर पाच वर्षांनी तेच आपले पदाधिकारी मतपेटीतून निवडतात. सरचिटणीसपद कळीचे असते, तालुक्यांना संचालक असतात. पॅनेल उभी राहतात, तालुक्या-तालुक्यात मेळावे होतात, शेतकरी सभासद ट्रॅक्टर उभा करून मतदानाला जातो. २०२२ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले आणि जुन्या कारभाऱ्यांच्या जागी नवे आले. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेतही कार्यकारिणी निवडणुकीनेच ठरते.

या पद्धतीवर टीका करणारे पुष्कळ आहेत. निवडणूक आली की खर्च आला, खर्च आला की उपकार आले, उपकार आले की बदल्या आणि नेमणुकांमध्ये त्यांची परतफेड आली, असे ते म्हणतात. हा धोका खराच आहे. तरी तिची एक जमेची बाजू नजरेआड करू नये. दहा हजार घरांतल्या माणसांना वाटते की ही संस्था आमची आहे. पाच वर्षांनी का होईना, कारभाऱ्याला उन्हातान्हात गावी येऊन जाब द्यावा लागतो. ज्या संस्थांत मुलगा, सून, जावई आणि घरचा वकील एवढ्यांचीच कार्यकारिणी असते, तिथे जाब विचारायला सभासदच उरत नाही.

रयतची आजीव सदस्यांची वाट आणि नाशिकची मतपेटीची वाट, दोन्ही पूर्ण निर्दोष नाहीत. एकीत निष्ठा मिळते, पण नवी माणसे येण्याचा दरवाजा अरुंद होतो. दुसरीत नवी माणसे येतात, पण कामाची सलगता तुटते. दोन्हींत मात्र संस्थेची मालकी कुणा एकाच्या घरी जात नाही, आणि खेड्यातल्या विद्यार्थ्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

कायद्याचा कागद आणि सभेची वही

महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षणसंस्था दोन कायद्यांखाली नोंदलेल्या असतात: १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम. दुसऱ्या कायद्याने धर्मादाय आयुक्तांची देखरेख येते. त्यातली काही कलमे प्रत्येक विश्वस्ताने पाठ करावीत. कार्यकारिणीत बदल झाला की कलम २२ खाली ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो, ज्याला सगळेजण ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. संस्थेची जमीन विकायची किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी हवी. हिशेब तपासून घ्यायचे बंधन कलम ३३ मध्ये आहे. गैरकारभार करणाऱ्या विश्वस्ताला निलंबित करण्याचा किंवा काढण्याचा अधिकार कलम ४१-ड मध्ये आहे.

यातला चेंज रिपोर्ट वरकरणी किरकोळ कागद वाटतो, पण खेड्यातल्या कितीतरी शाळांचे दुर्दैव त्यातच सुरू होते. दोन गट आपापली सभा घेतात, आपापली कार्यकारिणी निवडतात, दोघांचेही अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल होतात आणि वर्षानुवर्षे तारखा पडत राहतात. तोवर खरा सचिव कोण हेच ठरत नाही. बँक सह्यांबद्दल विचारते, मुख्याध्यापकाला कुणाचे पत्र मानावे कळत नाही, इमारतीची दुरुस्ती थांबते, प्रयोगशाळेचे कुलूप निघत नाही. भांडण मोठ्यांचे असते आणि विज्ञानाचा प्रयोग न करता दहावीला बसतात मुले.

२०२५ मध्ये राज्याने या कायद्यात दुरुस्ती करून आजीव किंवा कायम विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असू नये, असे बंधन आणले. त्यावर मोठ्या न्यासांमध्ये बरीच चर्चा झाली. शिक्षणसंस्थांपुरते बोलायचे तर त्यामागचा हेतू योग्य आहे. खुर्चीवरून उठायची तारीख बसतानाच ठाऊक असावी.

आता सभेच्या वहीकडे येऊ. कुठल्याही कार्यकारिणीच्या सभेची विषयपत्रिका घ्या. पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दुसरा जमाखर्चास मंजुरी. मग इमारत बांधकाम, निविदा, बँकेतील सह्यांचे अधिकार, कोर्टातल्या दाव्यांचा आढावा, एखाद्या मान्यवराच्या निधनाबद्दल दुखवटा, कुणाच्या निवडीबद्दल अभिनंदन. आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. चहा येईपर्यंत दोन तास उलटलेले असतात. नववीतून किती मुली शाळा सोडून गेल्या, हा विषय आलाच तर या शेवटच्या ओळीत येतो, तोही एखाद्या सभासदाने हात वर केला तर. ही पत्रिका उलटी करता येते. पहिला विषय गळतीचा ठेवा, दुसरा वसतिगृहाचा, तिसरा दुर्बल शाखेचा, आणि बांधकाम नंतर घ्या. यासाठी कुठली परवानगी लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. सचिवाने पत्रिका टाइप करताना ओळींचा क्रम बदलायचा, एवढेच.

हातात काय उरले?

संस्थाचालकांची एक नेहमीची तक्रार असते आणि तिच्यात तथ्य आहे. अनुदानित शाळेत पगार सरकार देते, शिक्षकभरती पवित्र पोर्टलमधून होते, नोकरीच्या अटी १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाने बांधलेल्या आहेत, मुख्याध्यापक सेवाज्येष्ठतेने होतो, पुस्तके बालभारतीची, परीक्षा मंडळाची, शिक्षकांची पदे संचमान्यतेने पटावर ठरतात. वेतनेतर अनुदान वेळेवर येत नाही. मग आमच्या हातात उरले काय, असे ते विचारतात.

पुष्कळ उरले आहे. ग्रामीण मुलाच्या शिक्षणात जे जे वर्गाबाहेर अडते, ते सगळे मंडळाच्या हातात आहे. एस.टी.चे उदाहरण घ्या. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना मोफत पास मिळतो, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस १२५ तालुक्यांत मुलींना शाळेत आणतात. पण शाळा पाचला सुटते आणि गाडी साडेचारला निघून जाते, असे झाले की तो पास कागदच राहतो. मुलगी मैत्रिणींबरोबर दोन कोस चालते, पाऊस आणि अंधार वाढला की घरचे म्हणतात, पुरे आता. इथे गरज असते डेपो मॅनेजरच्या टेबलापाशी जाऊन बसणाऱ्या एका वजनदार माणसाची, गाडीची वेळ बदलून घेतल्याशिवाय न उठणाऱ्या. मुख्याध्यापकाचे पत्र आवक-जावक विभागात राहते, संस्थेच्या अध्यक्षाचा शब्द सहसा राहत नाही. गावातली प्रतिष्ठा विश्वस्ताला मिळते ती अशा कामी खर्चायची असते.

तीच गोष्ट मुलींच्या स्वच्छतागृहातल्या पाण्याची, वसतिगृहातल्या रात्रीच्या अभ्यासिकेची, अकरावीला शहरात पाठवायला बाप कचरतो तेव्हा त्याच्या ओसरीवर जाऊन समजूत घालण्याची, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचे मूल हंगामात कुठे राहील याची. शिष्यवृत्तीचा अर्ज जातीच्या दाखल्यावाचून अडतो, दाखला तहसीलमध्ये अडतो. हे सगळे विषय कुठल्याही शासननिर्णयात संस्थेवर सोपवलेले नाहीत. ते सोपवले नाहीत म्हणूनच त्यांना वाली लागतो.

टेबलापाशी कोण नाही

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली. तीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा दंडक घातला. अंमलबजावणीत उणिवा असतील, तरी तत्त्व रास्त आहे. खासगी संस्थांच्या कार्यकारिण्यांची यादी त्याशेजारी ठेवून पाहावी. निवृत्त अधिकारी, वकील, साखर कारखान्याचे संचालक, कंत्राटदार, डॉक्टर अशी नावे ओळीने सापडतात. ज्याची मुले आज त्या शाळेत शिकत आहेत असा पालक क्वचित असतो. बाया बोटांवर मोजाव्या लागतात. शेतमजूर आई-बापांचा, पारध्यांचा, भटक्यांचा प्रतिनिधी शोधूनही सापडत नाही. लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांवर उभ्या राहिलेल्या परंपरेला हे शोभत नाही.

माजी विद्यार्थी हा एक चांगला मार्ग आहे. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यांतून शिकायला आलेल्या गरीब मुलामुलींना अल्प खर्चात वसतिगृह देते, स्वावलंबनाची सवय लावते. तिच्या वसतिगृहांत राहून गेलेले पुष्कळजण पुढे समितीच्याच कामात उतरले. पुण्यात आलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात काय होते, खानावळीच्या पैशांची चिंता कशी अभ्यासावर बसते, इंग्रजी न आल्याची लाज कशी आत कोंडते, हे ज्याने सोसले तो सभेत आकडे पाहतानाही मुलांनाच पाहतो. मात्र माजी विद्यार्थ्याने मंडळावर यावे ते ऋणाच्या भावनेने, मानाच्या अपेक्षेने येऊ नये. व्यासपीठावरची पहिली रांग हवी असेल तर त्याने संमेलनालाच यावे, सभेला येऊ नये.

आज अनेक गावांतून शिकून बाहेर पडलेली माणसे पुण्या-मुंबईत, बंगळुरात, परदेशात स्थिरावली आहेत. गावच्या शाळेकडून त्यांना देणगीसाठी फोन येतात. देणगी जरूर द्यावी. त्याहून मोलाची गोष्ट त्यांच्याकडे आहे: हिशेब वाचायची सवय, बाहेरच्या जगाचा अनुभव आणि गावच्या गटातटांपासूनचे अंतर. तेवढ्यावर संस्था सरळ होत नाही, कारण गाव समजून घेतल्याशिवाय दिलेला सल्ला वायाच जातो. पण दूरचा एक आणि जवळचे चार अशी मंडळे बसू लागली, तर कितीतरी शाळांना नवा श्वास मिळेल.

तेव्हा या अंकाच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या शिक्षणसंस्थेने कधी विचारले की आमच्या कार्यकारिणीवर या, तर टाळू नका. हो म्हणण्याआधी तीन वर्षांचे ताळेबंद आणि ऑडिट रिपोर्ट मागा, घटनेचे पहिले पान वाचा, सभेचे इतिवृत्त पाहा. मुलांचा विषय पत्रिकेत कितवा आहे ते बघा आणि तो पहिला करायचा आग्रह धरा. सभेला चुकू नका. एखादा ठराव पटला नाही तर विरोध वहीत नोंदवून घ्या. वर्षातून एकदा सूचना न देता वसतिगृहात जेवायला जा. आणि तुमची मुदत संपण्याआधी त्याच गावातली, त्याच शाळेत शिकलेली एखादी मुलगी तुमच्या जागेसाठी तयार करा. विश्वस्ताचे काम यापेक्षा अवघड नाही, आणि यापेक्षा कमीही नाही.